‘त्यांना काय विचारता, मला विचारा’ : वय झाल्यावरचे अनुभव

ट्रंककॉल

नमस्कार मंडळी.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यावर इथे भांडून भांडून दोन धागे आधीच थकलेत. त्यामुळे तो विषय नको. (पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के होती, हे नव्या सभासदांसाठी. झालं, तेवढं सांगून टाकलं.) मला बोलायचंय ते पैशांपलीकडचं आहे.

वय ७२. आयुष्यभराची नोकरी दूरसंचार खात्यात. ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा डोक्याला हेडफोन आणि समोर बोर्ड. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉल असत आणि त्यात एक असे पीपी. म्हणजे ज्याचं नाव सांगितलं तोच माणूस फोनवर आला पाहिजे. त्याचा भाऊ, मुलगा, शेजारी चालणार नाही. पुढे एसटीडी आलं, बोर्ड गेले, इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली. दर वेळी आम्हाला नवं शिकवलं आणि आम्ही शिकलो. हल्ली मला वाटतं, माझ्या नावाने पीपी कॉल येणंच बंद झालंय. सगळे बाजूच्याशी बोलून काम भागवतात.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूसाठी एका डोळ्यांच्या रुग्णालयात गेले. सोबत सून होती, कारण डोळ्यांत थेंब घातले की काही तास धूसर दिसतं. तपासणी झाल्यावर एका मुलीसमोर बसवलं, काउन्सेलर म्हणे. टेबलावर लेन्सचं रंगीत पत्रक. तिने ते उघडलं आणि सरळ सुनेकडे फिरवलं. मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं ती), मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दिसतं ती), अमक्याचे इतके, तमक्याचे तितके. मग म्हणाली, “आजींना तसं वाचायचं फार नसेल ना? साधी बसवू, लांबचं छान दिसेल.”

मी रोज शब्दकोडं सोडवते. एका मासिकाची मुद्रितं तपासते, तेही पैसे घेऊन. सून बिचारी म्हणाली, “त्यांनाच विचारा ना.” तेव्हा ती मुलगी माझ्याकडे वळली आणि आवाज दुप्पट करून म्हणाली, “आजीऽऽ, वाचता का तुम्हीऽऽ?” कान माझे ठणठणीत आहेत हो. नोकरीच कानांची होती.

आता गंमत अशी, की ती मुलगी उद्धट अजिबात नव्हती. हात धरून खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं. कुणी अपमान केला तर चार शब्द सुनावता तरी येतात. इथे राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

मोबाइलच्या दुकानात हेच, बँकेत हेच. सोसायटीच्या सभेत मी लिफ्टच्या कंत्राटावर प्रश्न विचारला, तर सेक्रेटरी उत्तर माझ्या मुलाकडे बघून देतो. तो सभासदही नाही, फ्लॅट माझ्या नावावर आहे!

तर विचारायचं हे, की तुम्हाला असं कधी जाणवलं का? आणि याला भेदभाव म्हणायचं की काळजी? साठीच्या आतल्यांनीही लिहा, पण जरा जपून :)

---

चिंतोपंत

पहिला मान माझा. वय ७६, मुक्काम पुणे ३०.

ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता. मी तर वयाचा पुरेपूर फायदा घेतो. पंचाहत्तरी झाली आणि एसटी फुकट. सरकारने ऑगस्ट २०२२ पासून सुरू केलंय, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आहेच. गेल्या वर्षभरात अष्टविनायक, पंढरपूर, दापोली सगळं करून झालं. ट्रॅफिक पोलीस “जा आजोबा” म्हणून सोडून देतो. लग्नात पहिल्या पंगतीत बसवतात. घरात काही बिघडलं तर “बाबांना सांगू नका, उगाच ताण घेतील” म्हणतात. नका सांगू बाबांनो, मी झोपतो!

बाकी एक विचारतो. आपण चाळिशीत असताना आपल्या म्हाताऱ्यांना काय वेगळं वागवत होतो? माझ्या आजीला दवाखान्यात नेलं की वडीलच बोलायचे. तिला काय होतंय हे तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

---

मोरपिशी

चिंतोपंत, पहिल्या पंगतीचा मान पुरुषांना. आम्हाला कुणी बसवत नाही, आम्ही वाढायलाच असतो अजून.

मी ६६. मिस्टर जाऊन चार-पाच वर्षं झाली. ट्रंककॉलताईंना दुकानदार आणि डॉक्टर भेटले, मला घरचेच भेटतात. मी एकटीने हंपी-बदामीची सहल बुक केली तर नणंदेचा फोन, “या वयात? आणि एकटी?” सोबत पंचवीस माणसं होती हो टूरमध्ये. गडद निळी पैठणी नेसले तर “काकू, आज काय विशेष?” विशेष काही नाही बाई, कपाटात होती ती नेसले.

आणि दुसरी बाजू पण ऐका. सहलीला जायला वय आड येतं, पण नातवाला सकाळी आठ ते संध्याकाळी सात सांभाळायला येत नाही. तेव्हा “आई, तुम्ही अजून किती फिट आहात!” मुलीने मागच्या वर्षी परस्पर ठरवलं, की आई आता आमच्याकडेच राहील. मला गाणं शिकायचं होतं, बुधवार-शनिवार क्लास लावलेला. “तो काय, कधीही करता येईल.” मला कधीही म्हणजे नक्की कधी? त्रेसष्ट-चौसष्टला सुरू केलं तर सत्तरीपर्यंत जरा बरा यमन म्हणता येईल असा माझा हिशोब होता.

मी भांडले आणि क्लास चालू ठेवला. बुधवारी जावई घरून काम करतात. जग बुडालं नाही.

---

अक्षय_त्रिज्या

वय २९, म्हणजे जपून लिहितो.

अनुभव पटले. पण एक प्रामाणिक शंका. आमच्या सोसायटीत कमिटीवर सगळे साठीपुढचे. पार्किंगपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळं तेच ठरवतात, आणि भाड्याने राहणाऱ्या बॅचलर पोरांना लिफ्टमध्ये बघून नाक मुरडतात. “आजकालची पिढी” ने सुरू होणारं वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. ते पण वयावरूनच ठरवणं झालं ना?

आणि आयटीत चाळिशी ओलांडलेल्यांची अवस्था बघा. आमच्या टीममध्ये ४६ वर्षांचे एक सर आहेत, अफाट हुशार. कपात झाली की पहिली कुजबुज त्यांच्या नावाची. ते केसांना कलप लावतात ते हौसेने नाही. म्हणजे भेदभाव साठीला सुरू होतो हे मला मान्य नाही.

---

सातारी_कंदी

@अक्षय, बॅचलर भाडेकरूंना बघून नाक मुरडतात म्हणतोस, तर माझी ऐक. मी ६९, विधुर. मुलगा बंगळूरला. साताऱ्याचं घर फार मोठं, म्हणून ते भाड्याने देऊन पुण्यात वन बीएचके बघायला लागलो. एजंटांना फोनवर सगळं पसंत पडायचं. पेन्शन आहे, डिपॉझिट रोख, नॉनव्हेज नाही, पाहुणे नाहीत. वय सांगितलं की “सोबत कोण असणार?” कोणी नाही म्हटलं की “मालकांना विचारून सांगतो.” आणि फोन बंद.

एकाने शेवटी तोंडावर सांगितलं, “काका, राग मानू नका, पण उद्या काही झालं तर मालकाने कुठं धावायचं?” म्हणजे मी आत मरून पडलो तर. भाडेकरू म्हणून माझ्यातला एकमेव दोष हा, की मी मरू शकतो. पंचविशीतली पोरं मरत नाहीत बहुतेक.

शेवटी बॅचलर पोरांनी सोडलेला फ्लॅट मिळाला. भिंतीला खिळे खूप आहेत, बाकी झकास.

---

अक्षय_त्रिज्या

काका _/\_

पोहे खायला येतो. खिळे आमच्यासारख्यांनीच ठोकले असणार.

---

देवभोळा

ज्या घरात संस्कार असतात तिथे हे प्रश्न येत नाहीत. पाश्चात्त्यांचं अनुकरण केलं की भोगा.

---

डॉ_बिनकात्री

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस. डॉक्टरांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, पण आधी आमचे दोष.

आम्ही नातेवाइकाशी बोलतो कारण ते झटपट होतं. ओपीडीत पन्नास माणसं बसलेली. आजोबांना “काय होतंय” विचारलं की ते १९८४ च्या कावीळपासून सुरू करतात. मुलगा म्हणतो, “तीन दिवस ताप, खोकला, जेवण कमी.” कोणाकडे वळणार? पण त्या कावीळच्या गोष्टीत कधी कधी मुलाला माहीत नसलेलं असतं, जसं की बिल वाढू नये म्हणून आजोबांनी बीपीची गोळी महिन्यापासून अर्धी केली आहे. हे मुलासमोर ते कधीच बोलणार नाहीत. म्हणून मी दोन मिनिटं का होईना, नातेवाइकांना बाहेर बसवतो. त्यांना ते आवडत नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे, “वयामुळे होतंच.” गुडघे दुखतात, वयामुळे. झोप नाही, वयामुळे. गप्प गप्प असतात, वयामुळे. या गप्प असण्यात नैराश्य असतं, थायरॉइड असतं, बी-१२ कमी असतं, आणि या तिन्हींवर औषध आहे. एका बाईंचा डावा गुडघा दुखत होता आणि आधीच्या डॉक्टरांनी वयावर ढकललं होतं. त्या म्हणाल्या, “अहो, उजव्याचंही वय तेवढंच आहे!” मी तपासणी लिहून दिली.

ओरडून बोलण्याबद्दल. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ अशी व्यंजनं निसटतात. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, शब्द कळत नाही तो नाहीच. समोर बसून, ओठ दिसतील असं, जरा सावकाश बोललं तर काम होतं. आणि ज्यांना नीट ऐकू येतं त्यांच्यावर ओरडू नये, हे वेगळं सांगायला नको.

लेन्सबद्दल. निर्णय पेशंटचाच. माणूस शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत असेल तर संमती त्याचीच लागते, नातेवाइकाची चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात हे स्वच्छ सांगितलंय. त्यात पेशंट भुलेखाली असताना तिच्या आईची सही घेऊन पुढची शस्त्रक्रिया उरकली होती. तातडीचं काही नव्हतं, तरी थांबले नाहीत. न्यायालयाने डॉक्टरांना दोषी धरलं. आणि ती बाई चव्वेचाळीस वर्षांची होती. सत्तरीच्या बाईला कायदा काही वेगळा नाही.

---

ट्रंककॉल

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. गुडघ्याचा किस्सा सुनेला वाचून दाखवला.

चिंतोपंत, तुमचा आजीचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडेही तेच होतं. पण तुमच्या आजीच्या नावावर बँक खातं, फ्लॅट आणि पेन्शन होती का? माझ्या आहे. सह्या सगळीकडे माझ्या लागतात, मत तेवढं लागत नाही.

अक्षय, तुझं बरोबर. आमच्या वयाची माणसंही कमी नाहीत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ऐंशीच्या एका बाईंनी स्मार्टफोनच्या वर्गात नाव घातलं, तर हसणारे सगळे सत्तरीतले होते.

---

वऱ्हाडी_ठेचा

तुमचं वाचून राहिलो मंडळी, पण तुमचे प्रश्न फ्लॅट आन् लेन्सचे. जरा आमच्या गावचं सांगतो.

माह्या आज्याचं वय ८१. जिंदगीभर दुसऱ्याच्या वावरात राबला. बोटाच्या रेषाच राहिल्या नाई. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला का मशीन नाई म्हणते. हा अंगठा, तो अंगठा, तेल पुसून, पाणी लावून, दहा बोटं झाली. मागं लाईन. दुकानदार म्हणते, “बुढ्याले कायले आणता, पोराले पाठवा.” आजा तिथंच पायरीवर बसला. कार्ड त्याच्या नावचं. घरचा कर्ता तो.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० भेटतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात कोण जगते? त्यातला केंद्राचा वाटा ८० च्या खालच्याले २०० रुपये, कितीतरी वर्षांपासून तेवढाच. पैसे आले का आजा बँकेत जाते. तिथं पण अंगठा.

शहरात डॉक्टर तुमच्या सुनेशी बोलते, ताई. इकडं मशीन आज्याशी बोलते, आन् म्हणते तू कोण?

---

चिंतोपंत

ठेचा, हा प्रतिसाद वाचून माझं अष्टविनायक जरा खाली बसलं. हयातीच्या दाखल्याला आमच्या एका मित्राचाही अंगठा उमटत नव्हता. आता फोनवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं. नोव्हेंबरात करायचं, ८० पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते. रेशनला तसं काही आहे का?

---

कलमबहाद्दर

थोडं कायद्याचं, कारण ‘भेदभाव’ हा शब्द धाग्यात सुटा फिरतोय.

आपल्या घटनेचा अनुच्छेद १५ काढून बघा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये. वय त्यात नाही. त्यामुळे वयावरून डावललं म्हणून कुणी न्यायालयात गेलं, तर अनुच्छेद १४ च्या समानतेवर यावं लागतं, आणि तिथे सरकार म्हणतं की हे वर्गीकरण वाजवी आहे. कधी कधी खरोखर असतंही. राज्य सरकारचा कारकून ५८ ला घरी जातो तो असाच. (आमदार-खासदारांना निवृत्तीचं वय नाही, हे आलंच ओघाने.)

पण एकदा हे वर्गीकरण सपशेल आपटलं, आणि तेही आपल्या मुंबईत. करोनात ३० मे २०२० ला राज्य सरकारने मालिका-चित्रपटांच्या चित्रीकरणाला परवानगी देताना अट घातली, की ६५ वर्षांवरच्या कलाकारांना आणि कर्मचाऱ्यांना सेटवर प्रवेश नाही. हेतू चांगला, त्यांना जपायचं. पण त्याच सुमाराला ६५ च्या पुढचा दुकानदार दुकान उघडून गल्ल्यावर बसू शकत होता. छोट्या भूमिका करून पोट भरणारा सत्तरीचा एक कलाकार उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने विचारलं, या वयाचा दुकानदार चालतो तर कलाकार का नाही, आणि ही अट कोणत्या आकडेवारीवर घातली? समाधानकारक उत्तर नव्हतं. ७ ऑगस्ट २०२० ला अट रद्द.

हेतू काळजीचा आहे एवढ्याने कुणाची भाकरी काढून घेता येत नाही. ट्रंककॉल, “भेदभाव की काळजी” या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की दोन्ही एकाच वेळी असू शकतात. आधी त्या माणसाला विचारलं होतं का, हे बघायचं.

जाता जाता. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बहुतेकांना फक्त निर्वाह भत्त्यापुरता ठाऊक असतो. त्यातलं कलम २३ वाचा. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिलं आणि मग सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. अर्ज प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात. मात्र ती अट कागदावर लिहून घ्या, नुसत्या विश्वासावर राहू नका. माझ्याकडे येणारे निम्मे लोक सही करून झाल्यावर येतात.

---

देवभोळा

मग झालं ना सिद्ध? कायदा करावा लागला म्हणजे संस्कार संपले.

---

मोरपिशी

देवभोळा, तुमच्या आई कुठे असतात?

---

जर्सीकर

इकडचं थोडं. अमेरिकेत नोकरीतल्या वयाच्या भेदभावाविरुद्ध १९६७ पासून कायदा आहे, तोही चाळिशीपासून लागू. बहुतेक नोकऱ्यांत सक्तीची निवृत्ती नाही. आमच्या ऑफिसात ७४ चा एक अकाउंटंट रोज टाय लावून येतो. पण कायदा आहे म्हणून सगळं आलबेल नाही. मुलाखतीत वय विचारत नाहीत, पदवीचं साल बघतात. मग “ओव्हरक्वालिफाइड”. सल्लागार सांगतात, बायोडेटातून जुनी पंधरा वर्षं काढून टाका. काढली मी.

आई-बाबा दर उन्हाळ्यात येतात. गाडी चालवता येत नाही, फुटपाथ नाहीत, आरोग्य विमा तात्पुरता. नाशिकला जे बाबा अख्खी सोसायटी चालवतात ते इथे भाजी आणायलाही माझ्यावर अवलंबून. तिसऱ्या आठवड्यात बाबा मला विचारून टीव्ही लावायला लागले. मी काहीच म्हटलं नव्हतं. माणूस आपोआप लहान होतो.

---

आकडेमोडे

जर्सीकरांच्या शेवटच्या वाक्यावर संशोधन झालंय. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या म्हातारपणाबद्दल ज्यांचं स्वतःचं मत बरं होतं ती माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगलेली दिसली. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात म्हटलंय, की जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांबद्दल असे पूर्वग्रह आहेत.

---

डॉ_बिनकात्री

साडेसात वर्षांचा आकडा जपून वापरा. ज्याची तब्येत बरी त्याचं म्हातारपणाबद्दलचं मतही बरं असतं, हा गुंता राहतोच. संशोधकांनी तब्येत आणि सांपत्तिक स्थिती हिशोबात धरली होती हे खरं, पण “सकारात्मक राहा, जास्त जगाल” असा फॉरवर्ड यातून काढू नका. ज्याचं रेशन अडलंय त्याने कशाबद्दल सकारात्मक राहायचं?

---

कॅशकाउंटर

इतके दिवस वाचनमात्र होते, पण बँकेचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगितलंय, की ज्येष्ठांना प्राधान्याने सेवा द्या आणि सत्तरीपुढच्यांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला यांसाठी घरपोच सोय करा. किती शाखांत नीट होतं, ते तुम्हीच सांगाल. वेळ पडली तर परिपत्रकाचं नाव घ्या, काम हलतं.

पण मला एक प्रसंग तुमच्यापुढे ठेवायचाय. एक गृहस्थ, ऐंशीच्या आसपास, एकटे राहतात. शाखा उघडल्या उघडल्या आले. तीन एफडी मोडा आणि सगळी रक्कम आरटीजीएसने या खात्यावर पाठवा. कशासाठी? “जागा घेतोय.” शर्टाच्या खिशात फोन, स्क्रीन चालू, कॉल चालू. मी बोलले की ते आधी खिशाकडे बघायचे, मग उत्तर द्यायचे. हा डिजिटल अरेस्टचा, म्हणजे खोटे पोलीस बनून फोनवर अटकेची भीती घालून पैसे उकळण्याचा प्रकार आता आमच्या शिपायालाही पाठ झालाय. मी फॉर्मवर सही जुळत नाही म्हणून त्यांना बसवलं, चहा मागवला, आत जाऊन नॉमिनी म्हणून नाव असलेल्या मुलाला फोन लावला. पैसे वाचले.

आता पुढचं. चार दिवसांनी मुलगा वडिलांना घेऊन आला. खातं जॉइंट करा, मोठा व्यवहार माझ्याशिवाय होता कामा नये, यांचं एटीएम कार्ड बंद करा. काका शेजारी बसले होते. चाळीस वर्षं स्वतःचा वर्कशॉप चालवलेला माणूस, आमच्याकडचे जुने खातेदार. एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, खातं त्यांचं आहे, अर्ज त्यांनी द्यायला हवा. मुलाने फॉर्म पुढे सरकवला, काकांनी सही केली. न वाचता.

मी मुलाला फोन केला ते चुकलं असं मला वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

---

ट्रंककॉल

पैसे वाचवलेत, हे फार मोठं काम केलंत. पण एक विचारते, भांडायला नाही. पस्तिशीचा इंजिनिअर असाच खिशात फोन चालू ठेवून आला असता, आणि तेही फसतात, रोज पेपरात असतं, तर तुम्ही कुणाला फोन केला असता? त्याच्या वडिलांना?

---

कॅशकाउंटर

नाही. त्याला आत केबिनमध्ये नेलं असतं आणि फोन बंद करून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायला सांगितलं असतं.

पण ताई, त्या तरुणाने ऐकलं असतं. काका मला “पोरी, तुझं काम कर” म्हणाले होते. समोरचा त्यांच्याशी इंग्रजीत सीबीआयच्या नावाने बोलत होता आणि मी मराठीत काउंटरवरून. त्यांनी कुणाचं ऐकायचं ते ठरवून टाकलं होतं. माझ्याकडे पाच मिनिटं होती.

---

कलमबहाद्दर

कायद्याने खातेदाराच्या व्यवहाराची गुप्तता बँकेवर बंधनकारक असते, त्यामुळे नॉमिनीला फोन हा नाजूक प्रकार आहे. नॉमिनीला खातेदार हयात असताना काहीही हक्क नसतो. पण कॅशकाउंटर यांच्या जागी मी असतो तर मीही केला असता. आक्षेप असलाच तर तो चार दिवसांनंतरच्या गोष्टीला. फसवणूक झाली चोरामुळे, आणि अधिकार गेला काकांचा.

---

सातारी_कंदी

आणि मुलाची बाजू? माझा बंगळूरचा मुलगा आता रोज रात्री विचारतो, “बाबा, कुणाचा फोन आला होता का?” आधी चिडायचो. मग त्याला म्हटलं, तू मला विचारतोस तसं मीही तुला विचारणार. आता तोही सांगतो कुठली लिंक आली होती ते. परवा त्यालाच एक कुरिअरवाला गंडवत होता, मी थांबवला.

जॉइंट खात्याबद्दल मी त्याला सांगितलंय, की ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकेल असं) करू, पण माझं कार्ड माझ्या पाकिटात राहील.

---

चिंतोपंत

कंदीबुवा, हे आवडलं. आमच्याकडे आज रात्रीपासून सुरू. “बाबांना सांगू नका” बंद करायला सांगतो, झोप गेली तरी चालेल.

---

अक्षय_त्रिज्या

+१

@वऱ्हाडी_ठेचा, आज्यांच्या रेशनचं झालं का काही? माझी आजी गावी आहे, तिचंही ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) अडकलंय.

---

वऱ्हाडी_ठेचा

झालं ना भाऊ. ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅप घे, त्यासंगं आधारचं फेस-आरडी अ‍ॅप पण टाकावं लागते, नाईतर चालत नाई. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेव, ओटीपी येते. उजेडात बसव. घरात अंधारात केलं तर तीनदा फेल गेलं, मंग वसरीत खाट टाकली. डोळे मिचकावा म्हणते ते.

आज्याले म्हटलं, फोनकडे पाहून डोळे मिचकव. त्यानं अगुदर टोपी सरळ केली, मंग विचारते, “हा फोटो आत्ताचा हाय का भिंतीवर हार घालाले काढून राहिला?”

---

मोरपिशी

=)) =))

आज्यांना माझा नमस्कार सांगा. आणि अक्षय, आजीचं करताना तिला आधी पदर नीट करू दे, घाई करू नकोस.